प्रश्नावली क्रमांक सत्त्याऐंशी

एकशे वीस प्रश्नावल्या
वाकोल्याच्या खोलीत, पलंगावर, पंख्याखाली,
उडू नयेत म्हणून तांदळाच्या डब्याने दाबलेल्या.
थोड्या थोड्या वेळाने डोक्यावरून विमान उतरतं,
खिडकीची काच दात वाजवते
आणि मी टाइप करत राहते:
शून्य, तीन, तीन, चार, दोन.

'कधीच नाही' म्हणजे शून्य.
'नेहमीच' म्हणजे चार.
'झोप लागत नाही'ला चार देणारे इतके
की बोट आपोआप त्या बटणावर जातं.
एकीने 'भूक मंदावली'समोर समोसा काढलाय.
एकाने 'भविष्याची भीती' खोडून
'फीची' लिहिलंय.

सत्त्याऐंशी नंबर कोरा.
म्हणजे वर्तुळं कोरी. समास भरलेला,
उजवीकडे कलत गेलेलं निळं अक्षर:

मॅडम, प्रश्न तीनमध्ये तणाव म्हटलंय.
आमचा बार्शीला मंडपाचा धंदा आहे.
आमच्यात तणावा म्हणजे मांडवाची दोरी.
ढिली सोडली की मांडव बसतो,
जास्त ओढली की खुंटी उपटते, भुई भुसभुशीत असेल तर.
तेव्हा किती वेळा जाणवतो ते कसं सांगू?
तो असतोच. त्याच्यावरच उभं आहे सगळं.
इथली भुई कशी आहे ते अजून कळलं नाही.
प्रश्न अकरा: घरी फोन करतो.
आई विचारते जेवलास का, मी म्हणतो हो,
मग दोघं बराच वेळ गप्प. पैसे तर लागत नाहीत.
तुमचं पेन बाकावर ठेवलंय.

सर म्हणाले, अपूर्ण आहे, काढून टाक,
एकशे एकोणीसने काही बिघडत नाही.
खरंच नाही बिघडत. करून पाहिलं.
सरासरी जागची हलली नाही.

मॅडम म्हणे. दोन वर्षांनी मोठी असेन त्याच्याहून.
माझीही एक प्रश्नावली भरून पाहिली परवा, पेन्सिलीने.
तिसऱ्या प्रश्नाशी उठले, चहा टाकला, तो उतू गेला.

नाव लिहू नका, हे मीच वाचून दाखवलं होतं वर्गापुढे,
कोरड्या घशाने.
तरी आता कॅन्टीनमध्ये मुलांचे तळहात बघते.
दोरीचा वळ किती महिने टिकतो?

काल मैदानात फेस्टिव्हलचा मांडव घालत होते.
पाठीला सॅक लावलेला एक पोरगा जाता जाता थांबला,
दोरी बोटाने छेडली,
खुंटीवर टाचेने दोनदा मारलं
आणि लेक्चरला निघून गेला.
हाक मारली नाही. काय म्हणून मारणार,
अरे सत्त्याऐंशी?
आणि तो नसेलही. दोरी दिसली की कुणीही छेडतं.

तो गेल्यावर मी खुंटीपाशी वाकले.
नखाने माती उकरली. भराव.
वरून टणक, खाली विटांचे तुकडे,
कुठून तरी आलेला एक शिंपला.

रात्री त्याच्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलं:
इथली भुई भरावाची आहे.
खुंटी तिरपी ठोकावी लागते, आणि
मधूनमधून कुणीतरी येऊन बघावी लागते.

हा कागद कुणाला परत द्यायचा नसतो.
एकूण प्रतिसाद: एकशे एकोणीस, टाइप केलं.
कागद डब्याखालीच आहे.
विमान जातं तेव्हा
त्याचा एक कोपरा तेवढा हलतो.