सोळा बोल्ट

कुह्मोच्या बाहेर, लाकूडवखारीच्या मागे हिल्काचं गॅरेज.
दाराशी बर्फाचा ढीग,
मार्च लागला की त्याला डिझेलचा रंग यायचा.
मी तेव्हा तिच्याकडे सांडलेले वायसर वेचायला होतो,
म्हणजे शिकायला.

एर्क्का आला तो दोन सीटा घेऊन,
कुणा रॅलीवाल्याच्या, निळ्या, खांद्यांपाशी पंख फुटलेल्या,
एकीवर कॉफीचा जुना डाग.
"तळाला भोकं पाडूनच आणलीयत," म्हणाला,
"चार बोल्ट, चार वायसर. तू फक्त आवळ."

हिल्काने गालिचा उचलला,
स्क्रूड्रायव्हर घेतला, टोचला.
तो मुठीपर्यंत आत गेला.
बारा हिवाळे रस्त्यावरचं मीठ
खालून, कुणाला न सांगता, पत्रा खात बसलं होतं.

"यावर बसणार होतास?"
एर्क्का स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

मग तिने दाखवलं:
कारखान्याने दिलेली चार ठिकाणं,
जिथे तळाखाली आडवी तुळई जाते,
जिथे गंज अजून पोचला नव्हता.
"गाडीने स्वतःहून पुढे केलेला हात आहे हा.
तोच धरायचा. दुसरीकडे भोक पाडायचं नाही."

याच मॉडेलच्या रेल ओउलूहून मागवाव्या लागल्या.
नऊ दिवस.
"सीटांपेक्षा रेल महाग!" एर्क्काने दोनदा हिशेब करून पाहिला.
"सीट दिसते," हिल्का म्हणाली,
"रेल दिसत नाही. म्हणून महाग वाटते."

त्या नऊ दिवसांत त्याच्या भोकांवर ठिगळं जोडली, रंग दिला.
बॅटरी सोडवून ठेवली, जुन्या सीटच्या पोटात एअरबॅग होती,
तिला झोपेतून दचकवायचं नव्हतं.
पट्ट्याचं कुलूप जुन्या सीटच्याच कमरेला;
नव्या रेलला त्यासाठी जागा आहे ना,
हे तिने आधी विचारलं होतं,
रंगाचं नाव विचारायच्याही आधी.

दुपारी ओइवा कॉफी घेऊन यायचा, तिचा भाऊ.
मी एकदा मागून हाक मारली
तर तो मान वळवेना,
पावलं, कंबर, खांदे,
सगळाच्या सगळा वळला,
एखादं कपाट भिंतीपासून सरकवावं तसा.
कपातली कॉफी मात्र हलली नाही.
"कोनाचं लोखंड, दोन बोल्ट," हिल्का नंतर म्हणाली,
"सत्त्याण्णव साल. ते मीच लावलं होतं."
आणि पान्यांचा ट्रे ओढून
मोठ्या आवाजात दहा नंबर शोधू लागली,
जो तिच्या हातातच होता.

रेल आल्या.
बोल्ट माझ्या तळहातावर ठेवून तिने डोक्यावरचे आकडे वाचायला लावले,
आठ पूर्णांक आठ.
"आकडे नसतील तर तो बोल्ट नाही, दागिना आहे."
सगळे आधी बोटांनी, मग पाना,
मग तो लांब दांड्याचा, जो पुरे झालं की
टक् म्हणतो आणि त्यापुढे एक शब्द बोलत नाही.
सरकपट्टी मागेपुढे, दोन्ही बाजूंना कुलूप पडल्याचा आवाज,
एकाच बाजूचा आला तर पुन्हा.

शेवटी तिने सीटच्या खांद्याला दोन्ही हात घातले
आणि सगळं वजन टाकून हिसडा दिला.
साब स्प्रिंगांवर डुलली.
सीट नाही.
"असं हवं," ती म्हणाली. "गाडी हलू दे."

एर्क्काने घड्याळ पाहिलं.
"दुसरी कशीही लाव. तिथे कुणी बसत नाही.
आई फार तर बटाट्यांची पिशवी ठेवते."

हिल्का त्याच्याकडे बघत राहिली,
कानाची पाळी लाल होईपर्यंत,
त्याची की तिची, मला आठवत नाही.
मग गुडघ्यांवर बसली, हात लांबवला,
"बोल्ट."

मी मोजून आठ दिले.
तेच आकडे. तोच टक्.
बिलावर तिने खाली लिहिलं: शंभर किलोमीटरनंतर परत ये, पुन्हा आवळून देईन, फुकट.

तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आला.
कॉफीच्या डागावर एक मुलगी बसली होती,
पट्टा लावलेला,
आणि मांडीवर बटाट्यांची पिशवी.