पट्ट्याचं चौथं भोक

मुलाने पासष्टीला पॅकेज पाठवलं,
ब्याऐंशी तपासण्या, घरी येऊन रक्त.
रावपुऱ्याच्या लॅबचा पोरगा सकाळी साडेसहाला आला,
दंडाला रबर बांधताना म्हणाला,
"काका, नस मस्त दिसते तुमची."
मला बरं वाटलं.
नस एवढी वर का आली होती
ते दोघांनाही सुचलं नाही.

एक्याऐंशी आकडे काळे. एक लाल.
सी.ई.ए. पाच पूर्णांक आठ.
त्या अक्षरांपुढे आजाराचं नाव नव्हतं,
ते मीच भरत बसलो:
आधी आतडं, मग फुप्फुस,
मग शेजारचे मोघे, मागच्या चैत्रात गेले ते.

तीन आठवडे मी अंगात लपलेला
भाडेकरू शोधत होतो.
कॅमेरा वरून गेला, खालून गेला,
बोगद्यात श्वास धरा, श्वास सोडा.
कुणी नाही. खोल्या सगळ्या रिकाम्या,
झाडून ठेवलेल्या.

डॉक्टर पांचाल बाई माझ्या भाचीएवढ्या.
त्यांनी फाइल मिटली आणि एक लोखंडी मूठ हातात दिली.
"दाबा. जोरात."
मी, वामन शिर्के,
अठ्ठ्याहत्तर साली दांडिया बाजारच्या आखाड्यात
एरंडेल चोपडलेल्या मलखांबावर अढी मारून
मास्तरांची शिट्टी वाजेपर्यंत उलटा राहिलेला,
मी दाबली.
काटा एकवीसवर गेला.
"परत."
एकोणीस.

"गाठ नाही," त्या म्हणाल्या, "पण स्नायू ओसरतोय.
धडधाकट माणसांतही, ज्यांचा स्नायू कमी भरतो,
त्यांचा हा आकडा कधी कधी थोडा वर दिसतो.
कोण कुणामुळे, ते अजून नीट कळलेलं नाही.
सिगरेटनेही चढतो. ओढता?"
"बँकेत होतो तेव्हा."
"मग डाळ खा, उठाबशा काढा,
तीन महिन्यांनी परत रक्त."

सूरसागरच्या कठड्यावर बसून घड्याळ पाहिलं.
वेळ पाहायचीच राहिली, पट्ट्यावर नजर अडकली.
कंपनीची भोकं तीन.
चौथं मी पाडलेलं, गेल्या दिवाळीत, खिळा तापवून,
आणि पट्टा ताणला म्हणून
दुकानदाराला नावं ठेवलेली.
खिळ्याने तेव्हाच सांगितलं होतं, फुकटात.

संध्याकाळी कुंदाबरोबर चक्कीवरून दळण आणलं.
दहा किलोचा डबा. डब्याला दोन कड्या.
एक माझ्या हातात,
एक तिच्या.
हे कधीपासून?
हाच डबा मी खांद्यावर टाकून
तीन जिने शीळ घालत चढायचो.
मधल्या कुठल्या वर्षी तिने हात घातला,
कुठल्या सणाला, कुठल्या जिन्यावर,
आणि मला वाटत राहिलं
की आपणच उचलतोय.

विचारलं.
"चला ना," म्हणाली, "पीठ गरम आहे, पोटरीला लागतंय."

रात्री बातम्या संपल्यावर
खुर्चीवरून हात न टेकता उठलो. बसलो. उठलो.
पाच वेळा.
सहाव्यांदा अर्ध्यात हात टेकला.
पेपराच्या आडून कुंदा म्हणाली,
"साडेपाच."