मोजे

एकतीस वर्षं प्रेसमध्ये
या बोटांनी कागद मोजले.
नाशिकरोडला उतरलेला पगार,
जेलरोडला घेतलेला फ्लॅट, सगळं मोजून.
मग निवृत्तीच्या वर्षी उजवा खांदा गोठला.
शर्टाच्या बाहीत हात घालताना
रोज आई आठवायची.

बोरस्त्यांची केतकी म्हणाली,
काका, जुने मोजे आहेत?
आणि चार मुठी मूग?
मोज्यात मूग, वर गाठ, उरलेलं टोक मुठीत.
चला म्हणाली, गंगेवर.
(नाशकात गोदावरी म्हणतो तो पाहुणा.)

सव्वासहा. डिसेंबर. पाण्यावर वाफ.
गोदापार्कच्या फरशीवर माकडटोपीतला मी
आणि दोन्ही हातांना लोंबणारे
ऑफिसचे करडे मोजे.

पहिला फेरा कानावर बसला.
दुसरा चष्म्यावर.
तिसरा कुठे, ते सांगत नाही.

तिचे फिरत होते,
एक इकडून, एक तिकडून,
मधे फूल उघडावं तसं काहीतरी,
आणि ती देठाशी स्वस्थ,
जणू फिरवणारी दुसरीच कुणी.
"ओढू नका, काका. मनगट सोडा.
त्याला जायचंय तिकडे जाऊ दे."

मी पुटपुटत होतो, सात, आठ, नऊ...
"मोजू नका!"
मोजे हातात देऊन म्हणे मोजू नका.
हसलो,
तेव्हा खांदा बोटभर खाली आला.

पंचवटीच्या तालमीत वामन वस्ताद
बनेटी फिरवायचे. दोन टोकांना पेटते बोळे.
अंधारात माणूस दिसायचा नाही,
नुसतं चाक.
भाजत नाही का, विचारलं होतं मी.
"थांबलो तर भाजेल," म्हणाले,
आणि चुन्याची डबी मागितली.

संक्रांत गेली. एका सकाळी
धरणातून पाणी सोडलेलं,
गंगा जरा मोठ्यानं बोलत होती.
भार डाव्या टाचेवरून उजव्या चवड्यावर,
चवड्यावरून कमरेत,
कमरेतून बगलेत, जिथे दोन वर्षं कुलूप होतं,
तिथून मनगटात, आणि मग
फुर्र फुर्र फुर्र,
कानाच्या बाजूनं, कानाला न लागता.
श्वास कधी घेतला आठवत नाही.
आकडा तर नाहीच.

उजव्या मोज्याची टाच,
हिनं दोनदा रफू केलेली,
तिथेच उसवली. मूग उडाले
फरशीवर, झुडपात, एका जॉगिंगवाल्याच्या डोक्यात.
सॉरी म्हणायला हवं होतं.
पारवे उतरलेसुद्धा.

रिकामा मोजा उजव्या हातात लुळा.
डावा अजून फिरतोय.