सतरा पाट्या

आप्पा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी
मार्केट यार्डातून पट्टी आली.
ता. ग. झुरंगे. अंजीर. अठरा पाट्या.
हमाली, तोलाई वजा जाता
उरलेली रक्कम निळ्या शाईत,
खाली आडत्याची रोजचीच गिचमिड सही.
त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

ती फळं त्यांनी शेवटच्या पहाटे तोडली,
कपाळाला बॅटरी बांधून.
टेम्पो दिवे घाट उतरला असेल नसेल
तेवढ्यात बांधावर बसल्या बसल्या कलंडले.
चप्पल पायातच होती.

अंजिराचा चीक बोटं खातो.
मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांचे हात
भाजल्या वांग्याच्या सालीसारखे असतात.
आम्हाला ते मनगटाने कुरवाळत.
अजून कुणी तळव्याने गालाला हात लावला
की मला जरा परकंच वाटतं.

रेशनच्या दुकानात यंत्राला अंगठा पटेना.
पुन्हा ठेवा. पुसून ठेवा. डावा ठेवा.
रांगेतलं एक पोरगं हसलं.
आप्पांनी अंगठा उजेडात धरून निरखला,
विहिरीत वाकून पाणी बघावं तसा,
आणि म्हणाले, "रेघा झाडांनी नेल्या बाबा.
त्यांच्याकडनं घे."

एरवी विनोदी नव्हते. तापट होते.
कुणी भरली पाटी आपटली तर त्या दिवशी जेवत नसत.
लग्नातला उखाणा सोडला
तर त्यांनी आणि आईने एकमेकांचं नाव
उभ्या जन्मात घेतलं नाही.
"ऐकलं का" एवढ्यावर संसार झाला.
पण हडपसरहून येताना
तिच्या गुडघ्यांसाठी तेलाची बाटली आणत
आणि ती माझ्या हातात देत,
जसे काही माझेच गुडघे दुखताहेत.

आमच्या घरात अख्खं अंजीर कुणी खाल्लं नाही.
अख्खं पाटीत, पानांच्या गादीवर.
फुटलेलं घरात.
"फुटकंच ग्वाड असतंय," म्हणायचे.
मी मनात म्हणायचे, असेल, असेल.
पुण्यात शिकायला आले त्या वर्षी
लक्ष्मी रस्त्यावर पहिल्यांदा अख्खी घेतली,
दहा रुपयांना चार,
आणि तिथंच उभी राहून एक चावलं.
अळणी.
कडक. प्रवासासाठी तोडलेलं.
बाकीची तीन मैत्रिणीला दिली.
हे आप्पांना सांगायचं राहिलं.
सांगितलं असतं तर एवढंच विचारलं असतं,
"धाला चार? आन् मला काय देतोय तो?"

अंजीर सुतक पाळत नाही.
चौथ्या पहाटे तीनला आईने दादाला उठवलं.
खैऱ्यांच्यातले दोघं आले, त्यांची सून आली.
बॅटऱ्या पेटल्या आणि सगळे तसेच उभे.
आप्पा रोज कोणत्या झाडापासून सुरुवात करत,
कुणालाच माहीत नव्हतं.
मी त्यांची लेक, मलाही नाही.
शेवटी आई पुढं झाली,
विहिरीकडच्या तिसऱ्या झाडाशी थांबली
आणि फांदी खाली ओढली.
तिला कसं ठाऊक, कुणी विचारलं नाही.

दुपारी टेम्पोवाल्याने रिकाम्या पाट्या उतरवल्या.
निळ्या प्लास्टिकवर लाल रंगात ता. ग. झु.,
हंगामाच्या आधी त्यांनी नव्याने रंगवलेलं,
'झु'चा उकार दर वेळी खाली ओघळलेला.
आईने मोजल्या. परत मोजल्या.
दादा म्हणाला, जाऊ दे गं, एका पाटीचं काय.
तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.
भिंतीवर खडूने लिहिलेला नंबर
मला लावायला सांगितला.
आडत्याशी ती आजवर कधी बोलली नव्हती.
फोन घेताना डोक्यावरचा पदर सारखा केला,
घसा साफ केला
आणि अगदी स्वच्छ म्हणाली,

"तात्याबा गणपत झुरंग्यांच्या घरनं बोलतीय.
अठरा गेल्या होत्या, सतरा आल्यात.
आमची एक पाटी तुमच्याकडं राहिलीय."