पान एकेचाळीस

वॉशिंग्टन, तुझं पुस्तक पोचलं.
पोस्टमन एल्बिओनं वाटेतच फोडून वाचलं होतं.
म्हणाला, मी कुठंच नाही यात,
आणि हिरमुसून सायकलवर बसला.

अकरा गोष्टी.
येर्बाच्या चहाला पाणी ठेवलं
आणि चुलीशी उभ्याउभ्याच तीन वाचल्या.
पाणी आटून गेलं.

कारखान्याचा भोंगा बरोबर लिहिलायस,
पहाटे पाचचा,
उरुग्वे नदीच्या पल्याडची कुत्रीसुद्धा उठायची.
बाबांच्या कोटाचा वासही बरोबर :
मीठ, चरबी, ओला पत्रा.
पण आपल्याकडे घोडा नव्हता रे.
तिसऱ्या गोष्टीत तू त्याला पुरात बुडवतोस
आणि आई रडते.
आई कधी कुणासमोर रडली?
ती डबे मोजायची,
लेबल तिरकं लागलेले, शुक्रवारी स्वस्तात मिळणारे.

आणि इंग्रज साहेबाच्या बायकोचा तो पियानो,
तू खिडकीतून ऐकलास म्हणे.
खिडकीला तुझं नाक पोचत नव्हतं.
माझ्या पाठीवर उभा होतास,
चिखलाच्या बुटांनी.

मग पान एकेचाळीस.
बाबांचा अंगठा यंत्रात सापडला ती रात्र.
नेल्बा मावशी शिवणाच्या सुईनं टाके घालतेय,
तू दाराआड,
आणि लिहितोस :
कंदिलाचा उजेड त्यांच्या हातावर पडला होता.

पडला होता.
झाडावरून संत्रं पडावं तसा.

उजेड धरावा लागतो, वॉशिंग्टन.
मी धरला होता. नऊ वर्षांची होते.
खांदा भरून आला, मी हात बदलला,
तेवढ्यात ज्योत हलली आणि टाका भलतीकडे गेला.
मावशीनं तो उसवला, काही बोलली नाही,
पण कातडी ओढली गेली ती गेलीच.
अंगठा शेवटपर्यंत वाकडा राहिला.
हे मी कुणालाच सांगितलं नाही,
नवऱ्याला नाही, पाद्र्याला नाही.
तुला तरी कुठून ठाऊक असणार,
म्हणून तर मी नाही त्या पानावर.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

कारखान्यात बाबांना ‘सात टाके’ म्हणूनच हाक मारायचे.
डॉक्टरनंही मोजले होते, सात.
बाबाही सातच सांगायचे, हात नाचवत.

तू आठ लिहिलेस.

पाणी पुन्हा ठेवलंय.
त्या घोड्याचं नाव काय होतं,
तेवढं कळव.