सव्वाचौदा

खिडकी आणि कपाट यांच्यामध्ये
चौदा इंच जागा आहे.
टेपचं टोक धरायला नेत्राला उभं केलं.
ती म्हणाली, सव्वाचौदा, आत्या.
मी चौदाच लिहिलं, लाइट बिलाच्या मागे.

कुर्ल्याला इम्तियाजभाईंनी आधी
दोन फुटी लांब टाकी दाखवली.
"मासा आडवा पोहतो, ताई,
उंची त्याच्या काय कामाची?"
पटलं. पण इंच तेवढेच होते माझ्याकडे.
"मग बारा इंची चौकोनी घ्या.
काठोकाठ भरली तर अठ्ठावीस लिटर,
आणि काठोकाठ कुणी भरत नाही.
ऊन येतं का तिथे?"
नाही. समोर बी विंग येते.
"मग झकास. शेवाळ कमी."

नेत्राने वहीतून यादी आणली होती.
एंजल, त्यांनी खोडला.
गोल्डफिशला दुरूनच हात जोडले.
उरले आठ एंबर टेट्रा,
करंगळीच्या पेराएवढे, विझत आलेल्या निखाऱ्याच्या रंगाचे,
आणि तळाशी चार झिंगे, सफाईला.
"शेजार जुळला पाहिजे," ते म्हणाले,
"इतक्याशा जागेत कोण कुणाला टाळणार?"

मग फिल्टर.
काठावर अडकवायचा होता, त्याचं पाणी धबधब्यासारखं पडायचं.
"छोटा मासा दिवसभर वल्हवत राहील
आणि राहील तिथल्या तिथेच."
मग एक महागडा, डब्यासारखा.
"हा रात्री ऐकूच येत नाही.
बेडरूमवाले हाच नेतात."
मी कान लावला.
खरंच काही ऐकू आलं नाही.

आणि तो?
"तो स्पंजवाला? साधा आहे हो.
पंप बाहेर राहतो, घरघरतो.
झोपमोड होईल."
लावून दाखवा, म्हटलं.
त्यांनी बादलीत सोडला.
पंप घरघरला,
स्पंजमधून बुडबुडे वर आले,
एकामागे एक, एकामागे एक.
नेत्रा गप्पींपाशी होती, ते एक बरं झालं.

अकरा महिने त्या चौदा इंचांत
भाऊंचं ऑक्सिजनचं मशीन होतं.
त्याच्या बाटलीत पाणी असंच उकळल्यासारखं वाजायचं,
उकळत नसताना.
वीज गेली की त्या शांततेनेच
आम्ही सगळे जागे व्हायचो.
मशीन परत गेलं, डिपॉझिट खात्यात आलं,
त्या रात्री कुणाचा डोळा लागला नाही
आणि सकाळी तसं कुणी बोललंही नाही.

हाच द्या.
इम्तियाजभाईंनी पन्नास रुपये कमी केले,
आवाजाचे म्हणून.

निघताना त्यांनी बजावलं,
महिनाभर मासे नेऊ नका.
पाणी भरा, झाडं लावा, फिल्टर चालू ठेवा.
आणि स्पंज नळाखाली धुवायचा नाही कधी,
टाकीतल्याच जुन्या पाण्यात पिळायचा,
त्यात जे जगतं
ते आपल्याला दिसत नाही.

तर महिनाभर रिकामं पाणी.
हेरंब जेवायला आला, म्हणाला, मासे कुठायत?
मावशी म्हणाली, मासे कुठायत?
मीटरवाला सुद्धा वाकून बघून गेला.
आई काहीच म्हणाली नाही.
ती टाकीकडे पाठ करून मेथी निवडायला बसायची.
एकोणिसाव्या दिवशी दुपारी
जुडी अर्धी तशीच मांडीवर,
भिंतीला डोकं टेकून
ती झोपली होती. तोंड उघडं.
मी पंखा एकवर केला.

आता मासे आहेत.
टाकीच्या कडेवरून बघितलं
की एकच मासा दोन काचांत दिसतो,
जरा पुढे सरकला की पुन्हा एक.
नेत्रा दर शनिवारी मोजते.
आठ आणले होते.
अकरा आहेत, म्हणते. मागच्या वेळी तेरा होते.
आई म्हणते, असू देत,
तू परत मोज.