चमच्यांचा खण

सात माणसं आली, पांढऱ्या व्हॅनमधून, झुगदिदीच्या रस्त्याने.
एक कॅमेरा, एक दिवा, आणि लोकर पांघरलेला माईक,
ज्याच्यावर आमचा कुत्रा तीन दिवस भुंकत राहिला.
पैसे फारसे नाहीत, तेक्ले म्हणाली, ती दिग्दर्शक,
पण घर आहे तसं हवं. काही आवरू नका.
बाबांनी तरी अंगण झाडलं.
तिने कुंपणापलीकडून पाचोळा आणून पुन्हा पसरला.

गोष्ट अशी होती:
एका घराच्या हेझलनटच्या बागेवर तपकिरी ढेकण्या पडल्या,
बाई इटलीला गेली, परक्या म्हाताऱ्यांची उस्तवार करायला,
आणि आठ वर्षांनी, ध्यानीमनी नसताना,
एका संध्याकाळी दारात उभी.
शेवटची ओळ सोडली तर गोष्ट आमचीच.
तेक्लेला हे ठाऊक नव्हतं. किंवा असेल,
आणि म्हणूनच ती बागेकडे बघताना आवाज खाली आणायची.

नवऱ्याचं काम करणारा नट तापाने पडला.
मुर्मान, तुम्ही बसाल? तिने बाबांना विचारलं.
बोलायचं काही नाही. फक्त हेझलनट फोडत बसायचं.
ते तर ते रोजच करायचे.
वर कवच धडधाकट, आत गर पांढुरका, भुसभुशीत,
जिभेवर ठेवला की कडू.
चांगला इकडे, वाईट तिकडे.
तिकडचा ढीग कॅमेऱ्यात मावेना.

बाईचं काम करणारी दारेजान तिबिलिसीची.
तिच्या बॅगेतले कपडे फार नवे होते,
म्हणून मी कपाटातून आईचा निळा झगा काढला.
डांबराच्या गोळ्यांचा वास. एक बटण नाही.
मीच तिथे पिन लावली.
ती चुलीपाशी पाठमोरी उभी राहिली तेव्हा
गोचा, जो आई गेली तेव्हा दोन वर्षांचा होता,
उंबऱ्यावरूनच मागे फिरला आणि
जेवणाच्या वेळेपर्यंत कुणाला सापडला नाही.

मग तो प्रसंग.
ती आत येते. बॅग ठेवते. कोणी काही बोलत नाही.
घोमी ढवळते, चमचा हवा म्हणून वरचा खण उघडते.
त्यात विजेचं बिल, सुतळी, बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या.
तिचा हात तिथेच थांबला.
आणि बाबा, मान वर न करता, सुरी हेझलनटवर धरून:

"खालच्यात."

संवाद नाहीत असं ठरलेलं.
तरी कट कोणीच म्हटलं नाही.
दिवा धरलेल्या पोराचा हात थरथरला,
भिंतीवर सगळ्यांच्या सावल्या एकदा हलल्या.
दारेजानने खालचा खण ओढला, सावकाश,
झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण ओढावं तसा.
आत चार चमचे. घरात माणसं तीन.
तिने चौथा उचलला.

हिवाळ्यात शाळेच्या हॉलमध्ये चादर लावून सिनेमा दाखवला.
शेजारची शुशाना म्हणाली, माझी गाय दोनदा दिसली.
बाकी कोणी काही म्हणालं नाही. कोट घातले, घरी गेले.

आईने तो बारीमध्ये बघितला, फोनवर,
सिन्योरा आदेलेच्या खाटेशेजारी, आवाज बारीक करून,
तीन रात्री तुकड्यातुकड्याने.
रविवारी फोन आला. स्पीकर चालू होता.
मी विचारलं, कसा वाटला?
झग्याला बटण लावायचं होतंस, ती म्हणाली. मग बराच वेळ
फक्त तिकडचं ऑक्सिजनचं मशीन.
मग:
"चमचे मी वरच्याच खणात ठेवायचे.
खालच्याला भिंतीची ओल लागते.
बरोबर तीच होती, ती बाई.
तुझ्या बाबांनी हलवलेत."

बाबा खिडकीशी बूट काढत होते.
एक निघाला होता, दुसरा पायातच.

रात्री स्वयंपाकघरातून धातूवर धातू आपटल्याचा
अगदी हलका आवाज आला. मी उठले नाही.

सकाळी घोमी वाढायला
सवयीने खालचा खण ओढला.
त्यात विजेचं बिल होतं.